नाव घेतलं की मोडतं

माझ्या मुलाला आणि सुनेला डिव्होर्स घ्यायचा होता, आणि त्याआधी पोरीला एक छान दिवस द्यायचा होता. ही कल्पना त्यांची नव्हे. त्या दोघांना मिळून आजवर एकही कल्पना सुचलेली नाही. ही त्यांच्या काउन्सेलर बाईची. तिचं म्हणणं असं की मुलाला वाईट बातमी द्यायची तर आधी त्याला एक सुखद आठवण द्यावी, आणि मग आई-बापाने दोघांनी मिळून, शांत आवाजात, हसतमुखाने सांगावं. माझा बाप नाताळच्या आधी डुक्कर कापायचा, तेव्हा आदल्या दिवशी त्याला पोटभर सफरचंदं चारायचा. पण निदान तो त्याची फी घेत नसे.

तर बेत ठरला. जुलैतला रविवार. सकाळी नदीकाठचं विज्ञान संग्रहालय, दुपारी तिथूनच चालत जाऊन बेसबॉलची मॅच, आणि मॅच सुटल्यावर नदीकाठच्या बाकावर आइस्क्रीम खाता खाता बातमी. त्यानंतर कीथ, म्हणजे माझा मुलगा, त्याच्या नव्या फ्लॅटवर जाणार. बेथनी, म्हणजे सून, तिच्या बहिणीकडे जाणार. आणि नात, टिली, सुट्टी संपेपर्यंत माझ्याकडे राहणार. घाव यांनी घालायचा आणि मलमपट्टी म्हातारीने करायची, म्हणून मला बरोबर घेतलेलं. नाहीतर मला कोण नेतंय मॅचला?

बेथनी कामापुरती मला मॉम म्हणते, एरवी मी विल्मा. आदल्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी मॉम होते.

"मॉम, उद्या तुम्ही तिच्याशी त्या विषयावर काही बोलू नका हं. मॅच संपली की कीथ सांगणार आहे."

फोन ठेवते न ठेवते तोच मुलाचा फोन. "मॉम, उद्या तू तोंड उघडू नकोस. बेथनी सांगेल. बायकांना जमतं ते."

"आणि तू काय करणार?"

"मी असेन ना बाजूला."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दोन उंदीर निघाले होते, आणि दोघेही घंटा घरीच ठेवून निघाले होते.

कारण विचाराल तर कारणही धड नाही. लफडं नाही, दारू नाही, मारहाण नाही. "आम्ही वेगवेगळ्या दिशांनी वाढलो, मॉम," असं कीथने मला सांगितलं. वाढले म्हणे! भोपळे आहेत का? यांच्या लग्नात कुकीजचं टेबल मी भरलं होतं. पिट्सबर्गात केकला कोण विचारतो? लग्न कसं झालं ते कुकीजच्या टेबलावरून ठरतं. आठवडाभर ओव्हनसमोर उभी राहून माझे पाय सुजले होते. बहिणींना, भाच्यांना, शेजारच्या विधवेला, सगळ्यांना कामाला लावलं होतं. संसारापेक्षा त्या कुकीज बऱ्या निघाल्या. निदान त्यांच्यावरून कुणाचं भांडण झालं नाही.

सकाळी मला घ्यायला आले तेव्हाच माझं डोकं फिरलं. घरासमोर गाडीची जागा राखायला मी एक जुनी खुर्ची ठेवते. गल्लीत सगळेच ठेवतात, आणि दुसऱ्याच्या खुर्चीला कोणी हात लावत नाही. बेथनी ती पायाने सरकवून आली आणि वर मला म्हणाली, "हे कायद्यात बसत नाही, माहितीये ना तुम्हाला?" दहा वर्षांत हिला एक खुर्ची कळली नाही, संसार काय कळणार.

टिली मागच्या सीटवर माझ्या शेजारी. नऊ वर्षांची काडी, पुढचे दोन दात तेवढे मोठ्या माणसाचे. तिला कुणी काही सांगितलं की पटत नाही, करून बघावं लागतं. मागे एकदा दूध उतू जातं म्हणजे नक्की कसं जातं ते बघायला ती माझ्या शेगडीपुढे स्टूल घेऊन बसली होती आणि मला हाक मारली नाही. शेगडी मलाच घासावी लागली, पण खरं सांगते, मला राग आला नाही. त्या घरात तेवढं एकच डोकं आहे.

"आजी, आज सगळे एकदम का आलोत?" तिने मला हळूच विचारलं.

"मजा करायला," मी म्हटलं. माझ्या तोंडाला कुलूप होतं.

संग्रहालयात शिरल्याबरोबर कीथच्या अंगात आलं. तो घरांच्या छपरांवर बसवायचे सोलर पॅनल विकतो, तेव्हापासून स्वतःला शास्त्रज्ञ समजतो. प्रत्येक यंत्राजवळची पाटी तो आधी मनात वाचायचा आणि मग तेच, जणू जन्मापासून ठाऊक असल्यासारखं, मोठ्याने सांगायचा. एका यंत्रावर हात ठेवला की केस उभे राहत होते. कीथच्या डोक्यावर फारसं काही उभं राहण्यासारखं उरलेलं नाही, तरी त्याने ठेवला. बेथनीने फोटो काढला. ती प्रत्येक गोष्टीचा फोटो काढत होती, कारण सुखद आठवण तयार करायची तर पुरावा नको का? "टिली, हस. टिली, इकडे बघ. टिली, डॅडीच्या जवळ सरक." पोर सरकत होती, हसत होती. बाकी तिथे दुसरं काय होतं? ढीगभर पोरं, निम्मी बटणं बिघडलेली, पोरं बटणं दाबतायत, बाप पाट्या वाचतायत, आया फोन धरून उभ्या. यालाच म्हणे विज्ञानाची गोडी लावणं.

"हे बघ टिली," कीथ तिच्यापुढे उकिडवा बसून सांगत होता, "विज्ञान म्हणजे काय? कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही. स्वतः करून बघायचं. केलं आणि तसंच झालं, तर मानायचं. कळलं?"

"कळलं," टिली म्हणाली. तिला ते आधीपासूनच कळलेलं होतं, पण बापाला बरं वाटावं म्हणून तिने मान हलवली.

दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक दालन आहे. त्याच्या एका टोकाला माणसाहून उंच, उभी केलेली परात आहे, आणि दुसऱ्या टोकाला तशीच दुसरी. एका परातीपुढे उभं राहून कुजबुजलं की इतक्या गोंगाटातही दुसऱ्या परातीपाशी ते स्वच्छ ऐकू येतं. दोन्हीकडे पाट्या आहेत. टिली लांबच्या परातीकडे पळाली आणि कान लावून उभी राहिली. मला वाटलं, आता बाप इकडून तिला काहीतरी गंमत बोलेल.

बाप बोललाच. पण तिच्याशी नाही. इतका वेळ पाट्या वाचणाऱ्या त्या शहाण्याने नेमकी तीच पाटी वाचली नव्हती. पोर जरा दूर गेल्याची संधी साधून तो आणि बेथनी त्या परातीच्या अगदी पोटात शिरून एकमेकांवर फिसकारत होते. मी टिलीच्या मागोमाग चालत तिच्यापाशी पोचले. तिने कान काढला नाही, म्हणून मी तिच्या डोक्यावरून वाकले, आणि माझ्या मुलाचा आवाज माझ्या कानात शिरला.

"...तूच म्हणालीस मॅचनंतर सांगू."

"सांगू म्हणजे तू सांग. फ्लॅट तू घेतलास."

"डिव्होर्सचा अर्ज तू केलास!"

"हळू बोल, ती ऐकेल."

"कुठे ऐकतेय, ती त्या टोकाला आहे."

मी टिलीला खांद्याला धरून तिथून ओढलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा कोरा होता, शाळेत बाईंनी उभं केल्यावर असतो तसा.

"बाळा," मी म्हटलं.

"मला काही ऐकू आलं नाही," ती घाईने म्हणाली. "ही बिघडलीये बहुतेक. चल ना आजी, पाणबुडी बघू."

आणि ती पुढे निघाली. मी काय करायचं होतं? त्या दोघांनी मला बोलू नकोस म्हणून सांगितलेलं, आणि आता पोरीनेही तेच सांगितलं, फक्त वेगळ्या शब्दांत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या पोरीच्या चालण्यात बघितला. ती संग्रहालयाबाहेर नदीत उभ्या करून ठेवलेल्या जुन्या पाणबुडीत उतरली, सगळे पाइप मोजल्यासारखे बघितले, बाहेर आली, दुकानातून अंतराळवीरांचं वाळवलेलं आइस्क्रीम घेतलं. खडू खावा तसं लागतं ते. तिने सगळं खाल्लं, कारण बेथनी फोटो काढत होती.

स्टेडियमपर्यंत ऊन भाजत होतं. आमची टीम हा आमच्या गावाचा जुना आजार आहे. ती हरते, आम्ही शिव्या देतो, पुढच्या रविवारी पुन्हा जातो. आमच्या जागा उन्हातल्या, कारण सावलीतल्या महाग, आणि सुखद आठवण स्वस्तातच बसवायची होती. पुढच्या रांगेत एक जाड्या होता. पोटावर मोहरीच्या चटणीचे डाग, डोक्यावर टोपी उलटी. टिली बाप आणि आईच्या मधे बसली, मी बेथनीच्या पलीकडे. टिलीच्या हातात हॉट डॉग होता. तो तसाच राहिला.

डावांच्या मधे पिरोगीची शर्यत झाली. पिरोगी म्हणजे बटाटा भरलेली उकडीची करंजीच. माणसं भल्यामोठ्या पिरोगीचं सोंग घालून मैदानाभोवती पळतात आणि हजारो शहाणी माणसं उभी राहून ओरडतात. मी चर्चच्या तळघरात उभा जन्म पिरोगी वळल्यात, माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही. पिरोगीला पाय फुटले की मात्र टाळ्या.

पण त्या दिवशी वेगळंच काही तरी घडत होतं. ज्यांना हा खेळ कळत नाही त्यांनी एवढंच समजावं. आमचा पिचर चेंडू टाकतो, समोरच्याने तो मारून पहिल्या बेसवर पोचायचं असतं; पोचला की झाला हिट. पूर्ण नऊ डाव समोरच्या टीममधल्या एकालाही हे जमलं नाही, तर त्याला नो-हिटर म्हणतात. हे फार क्वचित होतं, आणि आमच्यासारख्यांच्या नशिबी तर नाहीच. आणि ते चालू असताना स्टेडियममधलं कोणीही तो शब्द तोंडातून काढत नाही. खेळाडू त्या पिचरशेजारी बसत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत. लोक स्कोअरबोर्डकडे बघतात आणि नजर वळवतात. शुद्ध मूर्खपणा आहे. मीही तो शब्द बोलत नाही. मी मूर्ख असेन, पण एवढी नाही.

पाचव्या डावात टिलीने स्कोअरबोर्ड वाचला. "डॅडी, त्यांना अजून एकही हि—"

कीथने तिच्या तोंडावर हात दाबला. जाड्या गर्रकन मागे वळला. "ए पोरी! जीभ आवर!"

"काय झालं?" टिलीने बापाचा हात बाजूला केला.

"श्श. जे चाललंय ना, त्याचं नाव घ्यायचं नाही."

"का?"

"नाव घेतलं की मोडतं."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात. सगळ्यांना माहितीये."

"तू करून बघितलंयस?"

सकाळी विज्ञान शिकवणारा माझा मुलगा अगदी गंभीर होऊन म्हणाला, "हो. तुझ्याएवढा होतो. आजोबांबरोबर आलो होतो, याच वेळी मी बोलून गेलो. पुढच्याच चेंडूला हिट. आजोबा घरी पोचेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत."

ते खरं आहे. माझा नवरा त्या बाबतीत गाढवच होता.

"खरंय, बाळा," बेथनीही पुढे वाकून म्हणाली. "नाही बोलायचं." त्या दोघांचं त्या महिन्यात एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

टिलीने बापाची बाही ओढली. "कुठल्याही गोष्टीचं असं असतं?"

"काय असं?" कीथचं लक्ष मैदानावर.

"म्हणजे एखादी गोष्ट चालूये, आणि सगळ्यांना माहितीये, पण कुणीच तिचं नाव घेत नाही. मग ती चालूच राहते. आणि कुणी नाव घेतलं की मोडते?"

"हो, हो. तसंच. आता गप बस, तो बॅटर डेंजर आहे."

त्याने ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं. पण मला वाटलं, पोर आपली नेहमीसारखी चौकशी करतेय.

सहावा डाव गेला, सातवा आला. सातव्या डावाच्या मधे प्रत्येक मॅचला गातात ते गाणं सगळे उभे राहून गायले, आणि इतकी माणसं असून आवाज दबलेला होता. आठव्याच्या सुरुवातीलाच समोरच्याने एक चेंडू असा हाणला की संपलंच वाटलं, पण आमचा एक पोरगा धावत आला, आडवा झेपावला, छातीवर घसरत गेला आणि चेंडू पकडला. सगळं स्टेडियम उठलं. आणि कीथ आणि बेथनीने टिलीच्या डोक्यावरून एकमेकांना मिठी मारली. जुनी सवय. क्षणभरच. मग दोघांनाही शुद्ध आली आणि दोघं हात झटकून बाजूला झाली. या नवराबायकोला एकमेकांची आठवण व्हायला कुणा परक्या माणसाने मातीत लोळावं लागतं.

मिठीच्या खाली दबलेली टिली वर बघत होती. आधी बापाकडे, मग आईकडे. तिने ते सगळं बघितलं.

आठव्या डावात दोन जण बाद झाले होते. जाड्याने डोळे झाकून घेतले होते. कीथ नखं खात होता. एवढ्यात टिलीने हॉट डॉग माझ्या हातात दिला, सीटवर चढली आणि धडा वाचावा तसं स्पष्ट म्हणाली, "नो-हिटर."

"टिली!" कीथ ओरडला.

"नो-हिटर चाललाय! आमचा पिचर नो-हिटर टाकतोय!"

आजूबाजूची सगळी डोकी वळली. पिचरने चेंडू टाकला. बॅटरच्या फळीला तो जेमतेम चाटून गेला, लुळा होऊन वर उडाला आणि तीन पळणाऱ्या माणसांच्या बरोबर मधे गवतावर पडला. बॅटर आरामात पहिल्या बेसवर पोचला. स्टेडियमभर एकच हाय उठली, मोठं भांडं हातातून पडावं तशी.

"झालं समाधान?" जाड्या उभा राहून किंचाळला. "एवढ्या वर्षांनी! एवढ्या वर्षांनी, आणि या चिमुरडीने घालवलं!"

"सांगितलं होतं की नाही तुला?" कीथचं तोंड लाल. "सांगितलं होतं ना? मुद्दाम बोललीस!"

"हो, मुद्दाम," टिली म्हणाली.

"सगळ्यांना सॉरी म्हण," बेथनी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

मला वाटलं, आता पोर रडणार. मी बेथनीच्या पुढून हात पुढे केला. पण टिली रडत नव्हती. ती सीटवर तशीच उभी होती आणि तिचा चेहरा असा उजळलेला होता की सबंध दिवसात, त्या सगळ्या फोटोंत, तसा एकदाही दिसला नव्हता.

"मोडलं," ती मला म्हणाली. "आजी, खरंच मोडलं!"

मग तिने छाती भरून श्वास घेतला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळ्या रांगांना ऐकू जाईल अशी ओरडली:

"डिव्होर्स! माझ्या मम्मी-डॅडीचा डिव्होर्स चाललाय!"

लोक पिचरवर ओरडत होते ते थांबले. पुढच्या रांगा वळल्या, मागच्या रांगेतली एक बाई "अगं बाई" म्हणाली. आणि माझा मुलगा आणि सून, ज्यांना दोघांनी मिळून, शांत आवाजात, हसतमुखाने सांगायचं होतं, ते दोघं एकमेकांकडे वळले.

"तू सांगितलंस तिला?" कीथ म्हणाला.

"मी? तूच सांगितलं असशील!"

मग दोघं एकदम माझ्याकडे वळले. चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. "मॉम, तू?"

"तुम्हीच सांगितलंत," मी म्हटलं. "सकाळी त्या परातीत तोंड खुपसून कोण भांडत होतं? ती दुसऱ्या टोकाला कान लावून उभी होती. ती परात त्याचसाठी असते, मूर्खांनो. पाटी लिहिलीये."

बेथनीच्या हातातून फोन खाली पडला. तो उचलायचंही तिला सुचलं नाही.

टिलीला आमच्यापैकी कुणाशीच देणंघेणं नव्हतं. ती एकदा बापाकडे बघत होती, एकदा आईकडे. मैदानावर चेंडू खाली पडायची वाट बघावी तशी ती वाट बघत होती. "मोडला का?" तिने विचारलं.

"काय मोडला का?" कीथ म्हणाला.

"डिव्होर्स. मी नाव घेतलं ना. कुणीच घेत नव्हतं, म्हणून तो चालू होता. आता मी घेतलं. मोडला का?"

आता जाड्याही ऐकत होता. त्याने टोपी काढली.

बेथनीने ओठ चाटले. "टिली, बाळा, आम्हा दोघांचंही तुझ्यावर खूप—" हे काउन्सेलर बाईचं वाक्य. पाठ केलेलं.

"ते नको. मोडला का ते सांग."

बेथनीने कीथकडे बघितलं. कीथने बेथनीकडे बघितलं.

"तू सांग," कीथ म्हणाला.

"नाही, तू सांग."

देवाशपथ सांगते, अजूनही. पोर सीटवर उभी, सगळी रांग ऐकतेय, आणि हे दोघं एकमेकांना "आधी तू" करतायत, दारात भेटलेल्या परक्यांसारखे. मी हा मुलगा पोटात वाढवला याची मला त्या क्षणी लाज वाटली. चारचौघांत, भर उन्हात लाज वाटली.

जाड्या खाकरला. "पोरी," तो अवघडून म्हणाला, "मघाशी मी उगाच ओरडलो गं. ते तुझ्यामुळे नाही झालं. तो पिचर दमला होता. बोलण्याने काही मोडत नसतं."

सबंध दिवसात भेटलेला हा पहिला शहाणा माणूस, आणि त्याला शहाणपण सुचलं ते नेमकं यावेळी.

"मोडतं!" टिली त्याच्यावर ओरडली. "मी बोलले आणि मोडलं! तुम्ही सगळ्यांनी बघितलंत! आजी, मोडतं ना?"

मी बेथनीला ओलांडून तिच्यापाशी गेले. हॉट डॉग कुठेतरी पडला. तिची नजर माझ्यावर होती. मला खोटं बोलता आलं असतं, मॅचभर पुरेल इतपत. पण त्या पोरीशी खोटं बोलायला आधीच दोन माणसं हजर होती.

"नाही मोडला, टिली," मी म्हटलं. "कागदांवर दोघांच्या सह्या झाल्यात. डॅडीने वेगळं घर घेतलंय. आता तो मोडणार नाही."

कीथने चेहरा हातांत लपवला. बेथनी रडायला लागली, आणि मला तिची कीव आली नाही.

टिलीने माझं ऐकून घेतलं. तिने मैदानाकडे बघितलं, जिथे पुढचा बॅटर येऊन उभा राहिला होता, मग स्कोअरबोर्डकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते, काहीतरी जुळवत होते. मग तिने मान हलवली.

"मी नीट बोलले नाही," ती म्हणाली. "आवाज पोचला नाही सगळ्यांपर्यंत."

आणि ती सीटच्या हातांवर पाय ठेवून आणखी वर चढली, तोल सावरला, पुन्हा दोन्ही हात तोंडाशी नेले. यावेळी तिच्या तोंडावर हात ठेवायला कोणी पुढे झालं नाही. ती ओरडली. तेच वाक्य, पहिल्यापेक्षा मोठ्याने. मग पुन्हा, त्याहून मोठ्याने. वरच्या मजल्यावरची माणसंही वाकून बघायला लागली. प्रत्येक वेळी ओरडून झालं की ती क्षणभर थांबायची आणि आई-बापाच्या तोंडाकडे बघायची.

मी तिला खाली उतर म्हटलं नाही. ती पडू नये म्हणून तिचे पाय तेवढे घट्ट धरून ठेवले.